आज होईल

पायवाल्या बाईंनी ती चूक रविवारी दुपारी केली, आणि करताना त्या अगदी खुशीत होत्या.

पाय बनवतात म्हणून पायवाल्या बाई. टायरच्या दुकानामागे त्यांची दोन खोल्यांची कार्यशाळा होती. पुढच्या खोलीत चालायच्या सरावासाठी दोन समांतर दांडे, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात मोठ्या पडद्याचा संगणक. मागच्या खोलीत भट्टी, प्लास्टरची पोती, कोरायचं यंत्र आणि त्यांचे धाकटे दीर. दीर गेली सव्वीस वर्षं त्या मागच्या खोलीतच होते, असं म्हटलं तरी चालेल. धंदा सासऱ्यांनी सुरू केलेला. बाईंच्या नवऱ्याला त्यात कधी गोडी वाटली नाही, तो नोकरी करून निवृत्त झाला. काम पुढे ओढलं ते वहिनी आणि दीर या दोघांनी.

बाईंचं काम संगणकावरचं. अपघातात किंवा आजारात ज्याचा पाय गेला, त्याच्या उरलेल्या पायाचं मोजमाप त्या हातातल्या कॅमेऱ्याने घेत. मग पडद्यावर तो पाय फिरवून फिरवून बघत, कुठे दाब द्यायचा, कुठे मोकळीक ठेवायची ते ठरवत. नडगीच्या टोकाशी दोन मिलिमीटर कमी पडले तर माणूस चार पावलांत कळवळतो. हे सगळं मनासारखं झालं की यंत्र फोमच्या ठोकळ्यातून साचा कोरून काढी, आणि दीर त्यावर भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक ओढून सॉकेट बनवत. सॉकेट म्हणजे पाय ज्यात बसतो ती कडक खोळ. खालचा पाऊल-घोटा कुठूनही विकत आणता येतो, सॉकेट मात्र ज्याचं त्यालाच.

ज्या प्रोग्रामवर हे चाले, तो एका छोट्या कंपनीने केलेला होता. कंपनी नऊ वर्षांपूर्वी बंद पडली. प्रोग्राम चालत राहिला, म्हणून कोणी त्याची विचारपूस केली नाही.

रविवारी कार्यशाळेला सुट्टी. बाईंची लेक लांबच्या शहरात, तिला बाळ होऊन एकोणीस दिवस झाले होते. नवरा तिच्याकडे मदतीला गेला होता. बाईंना जाता आलं नव्हतं, कामं डोक्यावर होती. त्यांच्या फोनची काच फुटलेली, त्यात नातवाचं तोंड तीन तुकड्यांत दिसायचं. म्हणून त्या कार्यशाळेत येऊन मोठ्या पडद्यासमोर बसल्या, तर तिथे पाटी आली: तुमची प्रणाली फार जुनी आहे, व्हिडिओ कॉल होणार नाही.

कोपऱ्यात गेलं वर्षभर एक चौकट रोज डोकं वर काढायची. नवी आवृत्ती आली आहे. आता, की नंतर? बाई रोज ‘नंतर’ दाबत. त्या दिवशी त्यांनी ‘आता’ दाबलं.

अडीच तास लागले. त्यानंतर नातू असा स्वच्छ दिसला, की बोटांची नखंही मोजता आली असती. आजोबांनी फोन धरला होता, त्यामुळे निम्मा वेळ छताचा पंखा दिसला, पण बाईंनी तोही कौतुकाने पाहिला.

सोमवारी सकाळी त्यांनी मोजमापाचा प्रोग्राम उघडायला बाण नेऊन दोनदा टिचकी मारली. गोल चक्र फिरलं. मग चक्रही गेलं आणि काहीच राहिलं नाही. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. संगणक बंद करून चालू केला. तीनदा केला. चौथ्यांदा करताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

कारण साडेदहाला क्रेनवाला येणार होता.

क्रेनवाला कंटेनरच्या यार्डात उंच क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि तेव्हापासून त्याला खाली बसवून कंटेनर मोजायला ठेवलं होतं. मोजदादीचा त्याला मनस्वी कंटाळा. येत्या शुक्रवारी अकरा वाजता यार्डाच्या डॉक्टरांसमोर त्याची चाचणी होती. क्रेनची शिडी चढून, उतरून दाखवायची, जमलं तर पुन्हा वर बसायचं. पण दोन वर्षांत पाय वाळून बारीक झाला होता. जुनं सॉकेट इतकं सैल, की तो आत चार मोजे घालायचा. मोजमाप मागच्या आठवड्यात घेऊन ठेवलं होतं. आज आकार ठरवायचा, उद्या साचा, परवा सॉकेट, गुरुवारी फिटिंग. दिवस अगदी मोजून होते.

“काय ताई, माझं तंगडं कुठवर आलं?” आल्या आल्या त्याने विचारलं आणि कुबडी भिंतीला टेकवली.

“मशीन जरा बिघडलंय,” बाई म्हणाल्या. “आज होईल.”

मशीन बिघडलंय. त्यांनी मुद्दाम ठरवून असं म्हटलं नव्हतं, तोंडातून आपसूक निघालं. मागच्या खोलीच्या दारात दीर उभे होते. त्यांनी हातावरचं प्लास्टर पुसलं, पडद्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि आत गेले.

क्रेनवाला गेल्यावर बाई कामाला लागल्या. काळ्या चौकटीत हाताने आज्ञा लिहून प्रोग्राम चालवला, की निदान तो कशावर अडतोय ते तरी छापून येतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. छापून आलं: ग्राफिक्स लायब्ररीला ड्रायव्हर उघडता आला नाही.

“काय म्हणतंय?” दीरांनी आतून विचारलं.

“लायब्ररीतून काही मिळत नाहीये म्हणतंय.”

“सभासद व्हा मग.”

“भाऊजी, ही पुस्तकांची नाही. प्रोग्राम स्वतः चित्र काढत नाही. चित्र काढायचं सामान एका जागी ठेवलेलं असतं, जो तो तिथून घेतो. ती लायब्ररी. आवृत्ती बदलली की सामान बदलतं.”

“आणि आवृत्ती का बदलली?”

बाई ऐकू न आल्यासारखं करून टायपत राहिल्या.

सोमवारचा सगळा दिवस त्यात गेला. संगणकाच्या बाबतीत अडलेली माणसं जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात, अशा जागा बाईंनी पालथ्या घातल्या. प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळंच सांगत होता. एक म्हणे हे पॅकेज टाका. टाकलं. दुसरा म्हणे ते काढा आणि हे टाका. तेही केलं. एका उपायानंतर पडद्यावरची अक्षरं एवढाली झाली, की एक शब्द वाचायला मान फिरवावी लागे. तो उपाय उलटवण्यात दीड तास गेला. एका ठिकाणी अगदी हाच प्रश्न कोणीतरी विचारलेला सापडला, शब्दाला शब्द हाच. बाई खुर्ची पुढे ओढून वाचू लागल्या. खाली त्याच माणसाने लिहिलं होतं: जमलं, धन्यवाद. कसं जमलं ते लिहायची तसदी त्याने घेतली नव्हती. बाईंनी त्याला मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते त्यांच्या लेकीने ऐकलं असतं तर तिला आईची नव्याने ओळख झाली असती.

एक गोष्ट त्यांनी शहाण्यासारखी केली. जे जे करत होत्या, ते एका कागदावर क्रमाने लिहून ठेवत होत्या. संध्याकाळी कुलूप लावताना कागदावर अकरा ओळी होत्या आणि प्रोग्राम जिथल्या तिथे होता.

मंगळवारी क्रेनवाल्याचा फोन आला. “झालं का?”

“माणूस बोलावलाय. आज होईल.”

माणूस म्हणजे संगणक दुरुस्तीवाला. खांद्याला पिशवी, कानात फोन. त्याने आल्या आल्या खोका उघडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि ती सगळी बाईंच्या तोंडावर आली.

“कार्ड जुनं झालंय,” तो म्हणाला.

“पण सिनेमा दिसतो. व्हिडिओ कॉल तर पहिल्यापेक्षा छान होतो. कार्ड जुनं असतं तर ते कसं झालं असतं?”

“तसं नसतं ते, मॅडम.”

कसं असतं ते त्याने सांगितलं नाही. पिशवीतलं दुसरं कार्ड काढून बसवलं. संगणक सुरू झाला, प्रोग्राम तोच निरोप छापून मेला. दुरुस्तीवाल्याने खालचा ओठ चावला.

“फॉरमॅट मारू. सगळं कोरं करून जुनी आवृत्ती टाकू.”

“जुनी आवृत्ती आहे तुमच्याकडे?”

“शोधावी लागेल.”

“आणि आतली मोजमापं? चारशे माणसांचे पाय आहेत ह्यात.”

“त्यांची कॉपी घेतली असेल ना तुम्ही?”

बाईंनी घेतली होती, पण सहा महिन्यांपूर्वी. क्रेनवाल्याचा पाय त्यात नव्हता. शिवाय ज्याच्याकडे जुनी आवृत्तीच नाही, त्याच्या हातून सगळं कोरं करून घ्यायचं म्हणजे हातचंही घालवायचं. त्या नको म्हणाल्या. दुरुस्तीवाल्याने आपलं कार्ड काढून घेतलं आणि काखा वर केल्या. जाताना सांगून गेला, की असे जुने प्रोग्राम वापरू नयेत. जणू चौकाचौकात नवे टांगलेले असतात.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो नुसता संताप. यंत्रावर, कंपनीवर, ‘जमलं, धन्यवाद’ वाल्यावर. स्वतःवरचा संताप त्यांनी सगळ्यात खाली दाबून ठेवला होता.

दीर चहाचे दोन कप घेऊन आले. एक वहिनींसमोर ठेवला, दुसरा घेऊन स्टुलावर बसले.

“वहिनी, रविवारी तुम्हीच केलंत ना हे?”

बाईंनी कपाकडे पाहिलं. “कशावरून?”

“सोमवारी आलो तर पडद्यामागचं चित्र बदललेलं. निळं होतं, त्याचा डोंगर झाला. माझे डोळे अजून गेले नाहीत.”

“मग दोन दिवस गप्प का बसलात?”

“तुम्ही सांगाल म्हणून.”

बाईंनी सांगितलं. फोनची फुटकी काच, नातू, ती चौकट, सगळं. दीरांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर परवडलं असतं, पण ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाळ बघायला म्हणून केलंत, ते मला कळतं. क्रेनवाल्याला काय सांगितलंत?”

“मशीन बिघडलंय.”

“हं,” म्हणून दीर उठले. “मी उद्या प्लास्टरचं माप घेतो त्याचं. जुन्या पद्धतीने करू. नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं.”

बुधवारी सकाळी क्रेनवाला आला, दीरांनी त्याच्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. दीरांचा हात चांगला होता, पण गेल्या बारा वर्षांत त्यांनी एवढं बारीक काम हाताने केलं नव्हतं, आणि ह्या पायाची नडगी विचित्र होती, पुढे आलेली, धारदार. ते दोनदा थांबले, दोनदा अंगठ्याने चाचपलं.

“शुक्रवारचं नक्की ना?” क्रेनवाल्याने पुढच्या खोलीकडे बघत विचारलं. “म्हणजे मला यार्डात कळवायचं असेल तर...”

“नक्की,” बाई पडद्यावरून मान न वळवता म्हणाल्या. “हे झालंच तर आधीच होईल. आज होईल असं दिसतंय.”

आणि त्या दिवशी खरंच तसं दिसत होतं. सकाळीच त्यांनी कुठेतरी वाचून लायब्ररीच्या नव्या फाईलला जुनं नाव देऊन पाहिलं होतं, म्हणजे नव्या माणसाला जुन्याचा सदरा घालून उभं केल्यासारखं. प्रोग्राम फसला. तीन दिवसांत पहिल्यांदा खिडकी उघडली. डावीकडची बटणं जागच्या जागी, वर यादी, खाली मापांचे आकडे. बाईंनी क्रेनवाल्याची फाईल उघडली. आकडे बरोबर आले: परीघ, लांबी, सगळं. आणि मधला चौकोन, जिथे पाय दिसायचा, तो काळा.

नुसता काळा. फिरवायचं बटण दाबलं तर काळा चौकोन फिरतही असेल, कोणाला कळणार? बाईंनी दिवे लावले, पडदा पुसला, उजेड कमीजास्त केला. पाय तिथे होता, आकडे सांगत होते की आहे, आणि दिसत नव्हता. सोमवारपासून बंद दारावर डोकं आपटलं त्यापेक्षा हे वाईट. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी कळफलक उचलला आणि टेबलावर आदळला. दोन बटणं निघून आरशापर्यंत गेली. मग त्या खाली बसून ती शोधू लागल्या.

वाकल्या वाकल्या त्यांच्या मनात आलं, की यादी उघडतेय तर ‘प्रोग्रामविषयी’ हेही उघडत असेल. उघडलं. कंपनीचं नाव, बंद पडलेला फोन, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत ज्याने प्रोग्राम लिहिला त्याचं नाव. दुपारभर शोधून त्या नावाचा माणूस सापडला. तो आता मोठ्यांच्या रात्रशाळेत गणित शिकवत होता. शाळेच्या ईमेलवर बाईंनी त्याला पत्र पाठवलं. काय झालं, कधी झालं, पडद्यावर काय छापून येतं, आणि शुक्रवारी अकरा वाजता एका माणसाला शिडी चढायची आहे, हे सगळं लिहिलं. ह्या पत्रात मात्र त्यांनी ‘मी अपग्रेड केलं’ असं स्वच्छ लिहिलं. अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं जातं.

गुरुवारी दुपारी दीरांनी हाताने केलेलं सॉकेट तयार झालं. क्रेनवाला दांड्यांमधून चालला. तिसऱ्या फेरीला त्याचा जबडा आवळला गेला.

“नडगीला लागतंय का?” दीरांनी विचारलं.

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

“उद्याचा दिवस निघेल इतकं.”

दीरांनी आतून घासून पाहिलं, तिथे मऊ पट्टी लावली. पट्टीने दुसरीकडे दाब आला. ते काढलं, पुन्हा घासलं. शेवटी म्हणाले, आणखी घासलं तर भोक पडेल. क्रेनवाला ते घालूनच घरी गेला.

चार वाजता फोन वाजला. गणिताचे मास्तर.

“तो प्रोग्राम अजून कोणी वापरतं?” ही त्यांची पहिली ओळ. आवाजात आनंद होता की धास्ती, कळेना.

“आम्ही वापरतो. म्हणजे वापरत होतो, रविवारपर्यंत.”

“मला सांगा, तुम्ही आत्तापर्यंत काय काय उपाय केलेत?”

बाईंनी कागद घेतला. “एकोणीस आहेत. वाचू?”

“वाचू नका. उलट्या क्रमाने सगळे काढा. एकोणिसाव्यापासून पहिल्यापर्यंत. मी पाचला पुन्हा करतो, सहाला माझा वर्ग आहे.”

तीन दिवस घाम गाळून जे रचलं, ते बाईंनी एका तासात स्वतःच्या हाताने मोडलं. काळा चौकोनही गेला. प्रोग्राम पुन्हा सोमवारसारखा मुका.

पाचला मास्तरांचा फोन आला. “आता प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘लिब’ नावाचा फोल्डर असेल.”

“आहे.”

“किती फाईली?”

“नऊ.”

“नावं वाचा, सावकाश.”

बाई अक्षर अक्षर वाचू लागल्या. पाचव्या नावाला मास्तर म्हणाले, “थांबा.” आणि त्यांनी ते नाव पुन्हा वाचायला लावलं.

“काय झालं?”

“ही मी ठेवली होती. तेरा वर्षांपूर्वी. एका ग्राहकाच्या संगणकात ही नव्हती, प्रोग्राम उघडत नव्हता, म्हणून मी प्रोग्रामबरोबरच एक प्रत देऊन टाकली. म्हटलं, कोणाला त्रास नको. तेव्हा ती नवी होती. आता तुमच्या ड्रायव्हरला, म्हणजे पडद्याचं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तिची आजची आवृत्ती हवी आहे. ती संगणकात आहेच. पण प्रोग्राम आधी स्वतःच्या फोल्डरमधली घेतो, जुनी. त्यामुळे ड्रायव्हर उघडत नाही.”

“म्हणजे संगणकात काही बिघाडच नाही?”

“नाही. तिचं नाव बदला. शेवटी काहीही जोडा, म्हणजे ती प्रोग्रामला सापडणार नाही.”

बाईंनी नावापुढे ‘जुनी’ असं लिहिलं. चार दिवस, एकोणीस उपाय, एक दुरुस्तीवाला, आणि करायचं काय होतं, तर एक फाईल बाजूला सारायची. त्यांनी टिचकी मारली. प्रोग्राम उघडला. मधल्या चौकोनात क्रेनवाल्याचा पाय, राखाडी, उजेडात, नडगीच्या धारेसकट. बाण नेला तसा तो हळूच फिरला.

“दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“माफ करा हं,” मास्तर म्हणाले. “मी नीटनेटकेपणा म्हणून केलं होतं.”

“तुम्ही फोन केलात, तेच खूप आहे. मी तर बटण दाबलं होतं.”

साडेपाच वाजले होते. कोरायला तीन तास, प्लास्टिक ओढून थंड व्हायला रात्र, मग कापणं, घासणं, पाऊल जोडणं, उंची आणि कल जुळवणं. उद्या अकराला ते कुठल्याही हिशेबाने होणार नव्हतं. दीर दारात येऊन पडद्यावरचा पाय बघत होते. पडद्यावर नडगीची ती धार इतकी स्पष्ट दिसत होती, की कुठे दोन मिलिमीटर हवेत ते आंधळ्यानेही सांगितलं असतं.

शुक्रवारी बाई स्वतः यार्डात गेल्या. क्रेनच्या पायथ्याशी डॉक्टर कागद लावलेली फळी छातीशी धरून उभे होते, शेजारी मुकादम. शिडीला चाळीस पायऱ्या. क्रेनवाला वर बघून दोन्ही हातांनी धरून चढू लागला. उजवा पाय वर, मग डावा त्याच्या शेजारी. पंधरा पायऱ्यांपर्यंत लय नीट होती. पुढे डावा पाय टेकताना तो दर वेळी किंचित थबकत होता. डॉक्टरांना ते कळलं नसेल, बाईंना प्रत्येक वेळी कळत होतं. वर पोचला, दार उघडलं, बंद केलं, उतरला. उतरताना वेळ लागला. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का. तो नाही म्हणाला. डॉक्टरांनी सही केली.

मग तो बाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसला आणि पाय काढला. मोज्यावर नडगीच्या जागी रक्ताचा डाग होता, रुपयाएवढा.

“होईल बरं,” तो म्हणाला. “तुमचा काय दोष. मशीन बिघडलं.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मशीन बिघडलं नव्हतं. रविवारी मी त्यात नवी आवृत्ती टाकली. नातू बघायचा होता. त्यामुळे बंद पडलं.”

क्रेनवाला मोजा हातात धरून बसला.

“नातू बघितलात, त्याचं मला काही नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी असतो तर मीही दाबलं असतं. पण ताई, बुधवारी पाचपर्यंत अर्ज दिला असता तर मला पुढच्या शुक्रवारची तारीख मिळत होती. मी तुम्हाला विचारलं बुधवारी. तुम्ही म्हणालात, आज होईल. सोमवारपासून रोज म्हणालात.”

“हो.”

“होत नाही म्हणाला असतात, तर मी काही तुम्हाला खाणार नव्हतो.”

चार दिवस त्या संगणकावर चिडत होत्या. तो जे अडलं ते तरी प्रत्येक वेळी छापून सांगत होता.

जखम भरायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस पाय घालायचा नाही, असं दीरांनी बजावलं, त्यामुळे क्रेनवाल्याला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलावी लागली. मधल्या काळात त्याला मिळायची होती ती नवी तीन नंबरची क्रेन दुसऱ्याला दिली गेली. ह्याच्या वाट्याला कडेची जुनी आली. तिची खिडकी नीट लागत नाही, असं त्याने फोनवर बाईंना सांगितलं. तक्रार म्हणून नाही, पण सांगितलं.

नवं सॉकेट बाईंनी तीन दिवस घेऊन सावकाश केलं. बाराव्या दिवशी तो आला, दांड्यांमधून चालला. पहिल्या फेरीला हात दांड्यांवर होते, दुसऱ्या फेरीला नव्हते. आरशासमोर जाऊन त्याने डाव्या पायावर सगळा भार टाकला आणि उजवा उचलला.

दीर आणि वहिनी त्याच्या जबड्याकडे बघत होते. जबडा सैल होता.

“लागतंय का?” दीरांनी विचारलं.

“नाही.”

“खरं सांगा. लागत असेल तर आत्ता काढता येईल.”

“खरंच नाही,” तो म्हणाला, आणि उजवा पाय खाली न टेकवता तसाच थोडा वेळ उभा राहिला. “एक मोजा घातलाय फक्त.”